मावशीच्या माश्या, काकांचं ओझं

माझी मावशी फोटोग्राफर आहे, पण लग्नात पुढे पुढे करणाऱ्यांपैकी नव्हे. बाजाराच्या रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि चपला दुरुस्त करणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये तिची एक चिंचोळी खोली आहे. आत पांढरा पडदा, गोल फिरणारं स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, भिंतीला आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा बांधून ठेवावा लागतो, कारण भांग पाडून झाला की लोक तो बिनदिक्कत खिशात घालून निघतात. पासपोर्ट, गाडीचा परवाना, नोकरीचा अर्ज, अशा कामांना लागणारे छोटे फोटो ती काढते. "हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या. हसू नका. आता हलू नका." दिवसभर तिच्या तोंडी हेच. झोपेतही म्हणते, असं काका सांगतात.

काका म्हणजे तिचे यजमान. त्यांचा धंदा बरोबर उलटा. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते मुकादम होते. माणूस धिप्पाड आणि आवाज त्याहून मोठा. चौथ्या मजल्यावरून फ्रीज उतरवायचा असो की जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट सोडवायचं असो, हाताखालची माणसं "उस्ताद, उस्ताद" करत त्यांच्याकडे बघायची. त्यांच्या देखरेखीखाली आजवर एकही आरसा फुटला नाही, हा त्यांचा अभिमान. ते उजाडण्याआधी घराबाहेर पडत, आणि मावशी दुकान बंद करून येई तेव्हा जेवून घोरत असत. "या दोघांनी एकमेकांना उजेडात पाहिलं ते सुटीच्या दिवशीच," असं माझी आई म्हणायची. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते दोघांनी मला सांगितलंय, एकाच वेळी, एकमेकांचं बोलणं खोडून काढत.

सुरुवात झाली ती बँकेतल्या एका साहेबांमुळे. साहेबांना परदेशात मुलीकडे जायचं होतं, म्हणून फोटो हवा होता. स्टुडिओच्या खिडकीत मावशीने कुंडीत कोथिंबीर लावली होती. ती तोडायची राहून गेली आणि तिला पांढरी फुलं आली. साहेब स्टुलावर बसले, छाती पुढे काढली, श्वास रोखला. मावशीने बटण दाबलं, दिवे लखलखले, आणि फोटो पाहते तर साहेबांच्या नाकासमोर, अधांतरी, एक माशी.

"हे काय?" साहेब भडकले. "मी नाकावर माशी बसू देणारा माणूस नाही!"

"बसलेली नाहीये हो," मावशी म्हणाली, "समोर उभी आहे."

दुसरा फोटो काढून साहेब गेले. मावशीने पहिला फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, आणि तिथेच बसून राहिली. ती घरातली माशी नव्हतीच. अंगावर पिवळेकाळे पट्टे, मधमाशीचा झगा उसना आणून घातल्यासारखे. डोळे एवढे की डोक्याला दुसरी जागाच नाही. पंख काचेच्या पापुद्र्यासारखे. साहेब धूसर आले होते आणि माशी लख्ख. संध्याकाळी मला बोलावून तिने तो फोटो दाखवला.

"एवढी वर्षं माणसांना दटावून दटावून स्थिर बसवलं," ती म्हणाली. "हिला कुणी सांगितलं गं, हवेत अशी उभी राहा म्हणून?"

पुस्तकात त्या माशीला काहीतरी लांबलचक नाव होतं. मावशीने तिचं नाव ठेवलं तरंगी. हवेत तरंगते म्हणून, आणि स्वभावानेही तशीच, आत्ता इथे तर आत्ता कुठे!

ओळखीतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने त्याच सुमारास दुकान गुंडाळलं. त्याच्याकडून मावशीने अगदी जवळून फोटो काढायची जुनी लेन्स आणली. पाण्याच्या टाकीमागे एक मोकळी जागा आहे, रानफुलांची, गुडघाभर गवताची. दुकान उघडण्याआधी ती तिथे जायला लागली. हे काम किती अवघड आहे ते मला ती लेन्स एकदा डोळ्याला लावल्यावर कळलं. तिच्यातून एका वेळी जेवढं स्पष्ट दिसतं त्याची जाडी पोस्टकार्डाएवढी. माशीचा डोळा पकडला तर पंख धूसर, पंख पकडले तर डोळा धूसर. हे बसलेल्या किड्याचं. उडणारा असेल तर आधी अंतर ठरवून ठेवायचं, फुलाशी टपून बसायचं, आणि तो त्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत येईल त्याच क्षणी बटण दाबायचं. तो येतो तेव्हा आपण उशिरा, आणि आपण वेळेवर तेव्हा तो गेलेला. पहिल्या महिन्यात मावशीकडे रिकाम्या फुलांचे इतके फोटो साठले की तिला बागकामाचं वेड लागलंय असं माझ्या आईला वाटलं.

त्यात सामान वाढत गेलं. कॅमेरा आणि लेन्स होतीच. मग फ्लॅश आला. फ्लॅशचा उजेड किड्यावर फार कडक पडतो म्हणून त्याच्यापुढे लावायला तिने तेलाचा पांढरा कॅन कापून, आतून चांदीचा कागद चिकटवून एक डबडं केलं. त्याला धरायला लोखंडी दांडी. मग ट्रायपॉड, पालथं पडायला चटई, गुडघ्यांना गाद्या, उन्हाला छत्री, जादा बॅटऱ्या, पाण्याची बाटली. हे सगळं ती एका खांद्यावर लटकवून जायची. व्हायचं तेच झालं. एक दिवस हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, व्यायाम करा आणि ओझं उचलणं बंद.

"कॅमेरा धरू का?" मावशीने विचारलं.

"कॅमेरा धरा. पण एवढं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडू नका."

मावशीने मग भाजीची चाकांची पिशवी काढली, त्यात सगळं कोंबलं आणि ती ओढत निघाली.

नेमके त्याच महिन्यात काका निवृत्त झाले होते. घरी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. दर दोन दिवसांनी ते सोफा नव्या भिंतीला लावायचे. एकदा मी साखर मागायला गेले तर स्वयंपाकघरातलं कपाट बैठकीत, आणि काका कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतायत. मावशीला अंधारात पाणी प्यायला उठायची भीती वाटायला लागली होती. माशीच्या फोटोंबद्दल काकांचं मत साफ होतं. "माशा मारणं ऐकलं होतं," ते म्हणायचे, "माशांचे फोटो काढणं हे त्याच्याही पुढचं रिकामपण."

पण त्या सकाळी मावशी चाकांची पिशवी खडखडत जिना उतरत होती, आणि काका दारात उभे होते. प्रत्येक पायरीवर आतून काच, लोखंड आणि बाटली एकमेकांवर आपटल्याचा आवाज. काकांना ते सहन होईना.

"थांब," ते ओरडले. "लेन्स खाली आणि पाण्याची बाटली वर? कुणी भरलं हे?"

"मी."

"दिसतंयच!"

त्यांनी सगळं जिन्यातच बाहेर काढलं आणि पायऱ्यांवर मांडलं. आतून जुनी पाठीची पिशवी, घोंगड्याचे तुकडे आणि कामावरचे रुंद पट्टे आणले. जड वस्तू पाठीला लागून, काच मधोमध घोंगड्यात, लगेच लागेल ते बाहेरच्या कप्प्यात, पाणी सगळ्यांपासून लांब. पिशवी पाठीवर टाकून त्यांनी दोनदा उडी मारून पाहिली. टिकसुद्धा वाजलं नाही.

"चला," ते म्हणाले. "कुठे आहेत तुमच्या माशा?"

मावशी सांगते, पहिले काही दिवस ती कपाळावर हात मारून घेत होती. ओझं वाहणारा मिळाला होता, पण तो काका होता. त्यांना किडा दिसला रे दिसला की "आली! आली! डावीकडे, डावीकडे!" अशी हाक मारायचे, जशी जिन्यात कपाट वळवताना मारतात. पोस्टकार्डाएवढ्या जागेत तासभर वाट पाहून आलेली तरंगी त्या आवाजाने पार टाकीपलीकडे जायची. आवाज आवरला तर सावली पडायची. एकदा ते उजेड अडतोय म्हणून चांगल्या भावनेने एक झुडूप बाजूला ओढून धरायला गेले, आणि त्यावरच मावशी टिपत होती तो चतुर किडा बसला होता.

"अहो, तुम्ही तिकडे लांब बसा बघू," मावशी शेवटी म्हणाली. "नुसते बसा. काही करू नका."

"काही न करता बसायचं असतं तर घरीच बसलो असतो," काका म्हणाले, पण जाऊन बसले.

त्या जागेत जायला एक नाला ओलांडावा लागतो. त्यावर एक फळी टाकलेली आहे. एका सकाळी दव पडून ती शेवाळलेली फळी निसरडी झाली होती, आणि पाठीवर पिशवी आणि हातात ट्रायपॉड घेऊन निघालेले काका मधोमध घसरले. मावशी पुढे होती. तिने धप्प आवाज ऐकला, मागे वळून पाहिलं, तर काका कमरेएवढ्या चिखलात उभे. पडता पडता त्यांनी पिशवी पाठीवरून कशी काढली ते त्यांनाही सांगता येत नाही. ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेली होती. ट्रायपॉड दातांत होता, असं मावशी म्हणते. काका म्हणतात, काखेत होता.

"लागलं का हो?" मावशी किंचाळली.

"सामान कोरडं आहे!" काका गरजले.

मावशीने पिशवी घेतली, मग काकांना ओढून काढलं. घरी परत जाऊ या, असं ती म्हणत होती. काका ऐकेनात. एवढं आलोय तर तुझं काम करून घे, मी उन्हात वाळत बसतो, म्हणाले. ते दुमडत्या स्टुलावर बसले. चिखल, दमछाक आणि ऊन. कपाळावरून घामाचे ओघळ. आणि मावशी फुलांशी चटई टाकून पालथी पडणार, तेवढ्यात तिला दिसलं की आज फुलांवर कुणीच नाहीये. सगळ्या तरंग्या काकांकडे होत्या.

त्यांना घामातलं मीठ आवडतं, हे तिने नंतर वाचलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं की दोघी काकांच्या मनगटावर बसून चाटतायत, आणि तिसरी त्यांच्या नाकासमोर हवेत उभी आहे, नाक हे फूल आहे की काय याचा अंदाज घेत. मावशी चटईवरून गुडघ्यांवर सरकत सरकत गेली.

"अहो," ती कुजबुजली, "हलू नका."

"गुदगुल्या होतायत," काका ओठ न हलवता म्हणाले.

"होऊ द्या."

तरंगी किंचित पुढे आली. काकांचे दोन्ही डोळे तिच्याकडे वळले आणि नाकाशी एकमेकांना भेटले. मावशीने श्वास धरला, अंगानेच बोटभर पुढे झुकली, आणि बटण दाबलं.

तो फोटो पाहिलात तर तुम्हीही हसाल. पुढे तरंगी, पोटावरच्या लवेपर्यंत लख्ख, पंखांवर सकाळचं ऊन. मागे धूसर, मोठ्ठा, चिखलाचे शिंतोडे उडालेला चेहरा, डोळे तिरळे, आणि तोंडावर असं आश्चर्य की जणू कुणीतरी त्याला जग नुकतंच उघडून दाखवलंय. काकांना फोटो काढून घेणं कधीच आवडलं नाही. घरातले त्यांचे सगळे फोटो, लग्नातलेसुद्धा, पोलीस चौकीत काढल्यासारखे आहेत. मावशीने तिथेच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि तिला हसू फुटलं. ती गवतात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काकांनी बघायला मागितला, बघितला, आणि म्हणाले, "हा मी? बरा दिसतो की."

मावशीने तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. औषधांच्या दुकानात आलेली माणसं थांबून बघायला लागली. लहान मुलं तिरळे डोळे करून काचेसमोर उभी राहू लागली. बँकेतले साहेब परदेशातून परत आल्यावर तिथून गेले तेव्हा बराच वेळ तो फोटो न्याहाळत होते. आत येऊन म्हणाले, "माझाही तसला एक होता ना हो? ठेवलाय का?" ठेवलेला होता. एक प्रत ते घेऊन गेले.

काकांची जुनी माणसंही येऊन गेली, पट्टे गळ्यात अडकवून, कामावरून थेट. उस्तादांना माशीकडे बघत असलेलं पाहून ती आधी खो खो हसली आणि मग एकेकाने जवळ जाऊन माशीच बघितली. कंपनीच्या मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळ थांबला. "ताई, असल्या गोष्टी आमच्या आजूबाजूलाच असतात?" त्याने विचारलं.

"असतात," मावशी म्हणाली. "आपणच घाईत असतो."

त्यानंतर काका बदलले. बोलणं कमी झालं असं नाही, पण गवतात पाऊल टाकलं की आवाज आपोआप उतरायचा. उन्हाची दिशा, वारा, सावली, सगळं ते बघायला लागले. मावशीचा खांदा दुखू लागला की ते तिच्यापुढे उकिडवे बसत आणि ती लेन्स त्यांच्या खांद्यावर टेकवी. पियानो पेललेला खांदा तो, ट्रायपॉडपेक्षा कमी हलायचा. आणि सोफा एका भिंतीला टेकला तो टेकला. दोघं सकाळी परत यायची तेव्हा जिन्यातून त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं. इतकी वर्षं साठवून ठेवल्यासारखी बोलायची.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस ड्रायव्हरचा फोन आला. ट्रक एक सुटा भाग मिळत नाही म्हणून आवारात काही दिवस उभा होता, आणि त्याच्या दाराच्या कडीच्या खोबणीत कुणीतरी मातीचं मडकं करून ठेवलं होतं. बोराएवढं, गोल, वर नीट वळवलेली किनार.

"उस्ताद, मी पुसून टाकणार होतो," ड्रायव्हर म्हणाला. "मग म्हटलं, आधी ताईंना विचारू."

मावशीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "कुंभारीण आहे," ती म्हणाली. कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची गांधीलमाशी. ती मातीचं मडकं घडवते, आत एक अंडं घालते, पिल्लाला खायला अळ्या आणून भरते आणि तोंड बंद करते. अळी घेऊन उडणारी कुंभारीण टिपायची मावशीची फार इच्छा होती. टाकीमागे तिने ती दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा पाठमोरी.

आम्ही तिघं गेलो. आवारात ट्रकभोवती हमाल अर्धगोल करून उभे होते. काकांनी ट्रकच्या दारासमोर जागा ठरवली, ऊन बघितलं आणि उकिडवे बसले. मावशीने लेन्स त्यांच्या खांद्यावर टेकवली, फ्लॅश ड्रायव्हरच्या हातात दिला. कुंभारीण दोनदा आली, दोनदा फोटो हुकला. मग कंपनीचे मालक आले.

"गाडी दुरुस्त झालीय ना? मग उभी का? आणि तुम्ही सगळे..."

"शूऽऽ!" सगळे हमाल एकदम म्हणाले. मालक इतके चकित झाले की गप्प राहिले.

ती आली. आवारातल्या शेडच्या कौलांवरून, खाली खाली, जड झाल्यासारखी. पायांत हिरवी अळी, तिच्या स्वतःएवढी लांब. मडक्यासमोर आली आणि क्षणभर हवेत थबकली.

काकांच्या नाकापासून ती वीतभर असेल. ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "बघ, बघ, कशी धरलीय. अंगाला लावून, लांबीच्या बाजूने, वजन मधोमध."

फ्लॅश लखलखला. कुंभारीण अळी घेऊन मडक्याशी उतरली.

मावशीने पडद्यावर पाहिलं. मग कॅमेरा काकांपुढे धरला. काकांनी पाहिला, ड्रायव्हरने पाहिला, आणि मग तो कॅमेरा हातोहात फिरत गेला, प्रत्येकाने तो दोन्ही हातांनी, काचेचं सामान धरावं तसा धरून. मालकांपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"उस्ताद," ते म्हणाले, "नवीन पोरांना सामान कसं धरायचं ते शिकवताना हे दाखवा."

मडक्याचं तोंड बंद होईपर्यंत ट्रक जागचा हलला नाही. पुढे हलला, तेव्हा ड्रायव्हरने त्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली: "हे दार उघडू नये. आत बाळंतपण आहे." तो दुसऱ्या बाजूने चढायचा आणि सीटवरून घसरत स्टिअरिंगपाशी जायचा. सिग्नलला शेजारच्या गाड्यांमधले लोक पाटी वाचून त्याच्याकडे विचित्र नजरेने बघायचे, ते तो येऊन रंगवून सांगायचा.

एका सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, मडक्यात काहीतरी खुडखुडतंय!" काकांनी पिशवी पाठीवर टाकली आणि दोघं जवळजवळ धावतच निघाली. मीही मागे. पोचलो तोवर मडक्याला बाजूने गोल भोक पडलेलं होतं आणि आत काही नव्हतं.

"आत्ता गेली," ड्रायव्हर म्हणाला. त्याला दम लागला होता, जणू तोच उडाला होता. "आधी डोकं काढलं. मग मिशा पुसल्या, अशा. मग इथे, माझ्या बाहीवर बसली! पंख वाळवले. आणि मग..." त्याने हात असा काही वर नेला की आम्ही तिघांनीही वर पाहिलं.

फोटो मिळाला नव्हता. मला वाटलं मावशीला वाईट वाटेल. ती ड्रायव्हरच्या बाहीकडे बघत होती.

"किती वेळ बसली होती?" तिने विचारलं.

"बराच वेळ, ताई. मी हललोच नाही."

काकांनी पिशवी उतरवून ट्रकच्या पायरीवर ठेवली. कुणीतरी चहा आणायला गेलं. ड्रायव्हर पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगू लागला, आणि मावशी पायरीवर बसून मध्ये मध्ये विचारत राहिली: मिशा कुठल्या पायाने पुसल्या, पंख कुठल्या बाजूने उघडले, उडताना आधी खाली आली की सरळ वर गेली.